मुख्य बटण कुठलं?

आमच्या हरमलच्या घरी जो डेस्कटॉप आहे, त्यावर काम करायला बसलेला नवखा माणूस पहिल्या अर्ध्या मिनिटातच विचारतो, "तुमचा माउस बिघडलाय का?" माउस बिघडलेला नाही. तो कीबोर्डच्या डावीकडे ठेवलेला असतो आणि त्याच्या दोन बटणांची कामं एकमेकांना दिलेली आहेत. फाइल उघडायची तर उजवं बटण दाबायचं, मेनू हवा असेल तर डावं. ही अदलाबदल मी केली. करायला मिनिटभरसुद्धा लागलं नाही. पण ती का करावी लागली आणि केल्यावर घरात काय काय झालं, हे सांगायला जरा वेळ लागेल. मंडळाच्या ई-अंकासाठी "स्वतःचं काहीतरी लिही" असं सांगितल्यावर माझ्या डोळ्यांसमोर हा माउसच आला. विषय फारसा साहित्यिक नाही, हे मान्य आहे.

आधी थोडं तांत्रिक. घाबरू नका, मीही मराठीचीच विद्यार्थिनी आहे.

आपण 'लेफ्ट क्लिक' आणि 'राइट क्लिक' असं म्हणतो, तेव्हा आपल्याला वाटतं की डाव्या बटणातच 'उघड' असा हुकूम भरलेला आहे. तसं काही नसतं. माउस कॉम्प्युटरला एवढंच कळवतो की पहिलं बटण दाबलं गेलं, किंवा दुसरं दाबलं गेलं. त्याचा अर्थ काय लावायचा हे कॉम्प्युटरमध्ये ठरतं. लिनक्समध्ये तर बटणांना नुसते आकडेच असतात: डावं १, मधलं २, उजवं ३. त्यांचा क्रम ३, २, १ असा लिहून दिला की डाव्याचं उजवं झालं. विंडोजमध्ये सेटिंग्जमध्ये माउसच्या पानावर गेलं की पहिल्याच ओळीत 'प्रायमरी माउस बटण' कुठलं, असं विचारलेलं असतं. समोर दोन पर्याय असतात, लेफ्ट आणि राइट. निवडलं की त्या क्षणापासून सगळं उलट.

ही सोय कशासाठी? तर पहिल्या बोटासाठी. उजव्या हातात माउस धरला की तर्जनी आपोआप डाव्या बटणावर येते. तर्जनी हे आपलं सगळ्यात कामाचं बोट, म्हणून मुख्य काम त्या बटणाला दिलं. तोच माउस डाव्या हातात घेतला तर तर्जनी येते उजव्या बटणावर. म्हणजे डावखुऱ्या माणसाची तर्जनी मेनू उघडत बसते आणि खरं काम मधल्या बोटाला करावं लागतं. बटणं बदलली की तर्जनीला तिचं काम परत मिळतं.

माउसचा इतिहास वाचला तेव्हा मला एक गंमत सापडली. डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेतून बिल इंग्लिश यांनी १९६४ मध्ये पहिला माउस तयार केला. तो लाकडी होता, खाली दोन चाकं होती आणि वर बटण एकच होतं. पुढे ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये एंगलबार्ट यांनी तो लोकांसमोर चालवून दाखवला, तेव्हा बटणं तीन झाली होती. त्या वेळी त्यांच्या उजव्या हाताखाली माउस होता आणि डाव्या हाताखाली पाच पट्ट्यांचा एक छोटा संच. त्या पट्ट्या पियानोसारख्या जोडीजोडीने दाबून हुकूम आणि अक्षरं देता येत. माउस जगभर गेला, पाच पट्ट्या मागे राहिल्या. पुढे १९८३ मध्ये ॲपलने आपल्या 'लिसा' कॉम्प्युटरला पुन्हा एकच बटण ठेवलं. एका बटणाला डावं-उजवं नसतं, त्यामुळे डावखुऱ्यांचा तो प्रश्नच मिटला. पण आपल्याकडे आला तो दोन बटणांचा माउस, आणि त्याच्याबरोबर डावं-उजवं आलं.

मी जन्मापासून डावखुरी. आमच्याकडे म्हणतात डावरी. शंभरातली साधारण दहा माणसं डावखुरी असतात असं म्हणतात. आमच्या घरात मी एकटीच. लहानपणी जेवायला बसलं की आजीचं लक्ष माझ्या पानाकडेच असायचं. डावा हात भाताकडे गेला की ती रागवायची नाही, फक्त विचारायची, "तुजो उजवो हात खंय गेलो गो?" जसा काही तो हात समुद्रावर खेळायला गेला होता. मग मी तो शोधून आणायची. चार घास उजव्याने आणि तिची पाठ वळली की पाचवा डाव्याने. एकदा तिने माझ्या डाव्या हाताला तिच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधली होती. घट्ट नव्हती, आठवणीपुरती होती. आजीचा माझ्यावर फार जीव. मुलगी पुढे चारचौघांत पंगतीला बसेल, देवळात तीर्थ घ्यायला हात पुढे करील, तेव्हा कोणी नाव ठेवू नये, एवढंच तिच्या मनात होतं.

माझी वर्गातली ख्रिस्ती मैत्रीणही डावरी. तिला पहिल्यांदा हे सांगितलं तर ती हसायलाच लागली. तिच्याकडे चिंधी नव्हती, पण खुरसाची खूण करताना डावा हात वर गेला की तिची आजी तो खाली करून उजवा वर करायची. दोन धर्म, दोन आज्या, हात मात्र तोच. तिनेच मला बायबलमधल्या डावखुऱ्यांबद्दल सांगितलं. शास्ते या पुस्तकात बन्यामीन वंशातला एहूद डावखुरा आहे, आणि त्याच वंशातल्या सातशे डावखुऱ्या गोफणवाल्यांचा उल्लेख आहे. त्यांचा नेम केसभरही चुकत नसे. आम्ही दोघींनी लगेच ठरवून टाकलं की आपण त्या सातशेंतल्या.

भाषेनेही आम्हाला फारसं सांभाळून घेतलेलं नाही. एखाद्याला 'डावलणे' या क्रियापदात डावा बसलेलाच आहे. 'डावं-उजवं करणे' म्हणजे भेदभाव. एखादी गोष्ट दुसरीपेक्षा सरस असली की ती 'उजवी' ठरते आणि कमी असली की 'डावी'. पानातसुद्धा चटणी-लोणचं डावीकडे आणि भाज्या उजवीकडे. घरात खरं न्यायाने वागणारी वस्तू एकच, ती म्हणजे आदोळी. तिच्यावर नारळ खवायला बसलं की दोन्ही हात सारखेच लागतात, कोण मुख्य हे ती विचारत नाही.

बटणं बदलता येतात हे मला शिकवलं आमच्याकडे राहायला आलेल्या एका जर्मन पाहुणीने. हरमलमध्ये ज्यांचं घर आहे त्यांना हे सांगायला नको: ऑक्टोबर ते मार्च आमच्याकडे अर्धं जग उतरतं. खालच्या वाड्यात आमच्या चार खोल्या भाड्याने असतात. त्या बाईंना तिकीट प्रिंट करायचं होतं. त्या कॉम्प्युटरवर बसल्या, माउस उचलून डावीकडे ठेवला, सेटिंगमध्ये जाऊन बटणं बदलली, काम केलं आणि उठताना सगळं परत होतं तसं करून माउस उजवीकडे ठेवला. मी तेव्हा नववीत होते. मी विचारलं, "परत का ठेवलं?" त्या म्हणाल्या, "सवय. कॉम्प्युटर माझा नाही ना."

ते वाक्य मला अकरावीत कळलं. शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये पन्नास मिनिटांचा तास. त्यात बटणं बदला, काम करा आणि घंटा व्हायच्या आत पूर्ववत करा. एखाद्या दिवशी घाईत तसंच राहिलं असतं तर पुढच्या तुकडीतल्या मुलाने "सर, माउस खराब" म्हणून ओरडलं असतं. म्हणून मी घड्याळाकडे बघत काम करायची. शेवटी कंटाळून उजव्या हाताने माउस चालवायला शिकले. बरेच डावखुरे तेच करतात. त्यात एक फायदाही आहे: उजव्या हाताने क्लिक करत डाव्या हाताने वहीत लिहिता येतं. उजव्या हाताच्या मंडळींना ते जमत नाही, बघा करून! सचिन तेंडुलकर लिहितो डाव्या हाताने आणि फलंदाजी करतो उजव्या, हे वाचल्यापासून तर मला आपण काहीतरी विशेष आहोत असंच वाटायला लागलं होतं. हा विषय माझ्यापुरता तिथे संपला होता.

तो पुन्हा निघाला तीन वर्षांपूर्वी, माझी बारावीची परीक्षा झाल्यानंतरच्या मे महिन्यात. सकाळी बाबा चहाचा कप उचलायला गेले आणि कप उचललाच गेला नाही. बोलणं जड झालं, तोंड एका बाजूला ओढलं गेलं. बांबोळीला नेलं. मेंदूच्या डाव्या भागातला रक्तपुरवठा अडला होता, आणि डावा मेंदू चालवतो उजवं अंग. बाबा घरी आले ते उजवा हात डाव्या हाताने उचलून मांडीवर ठेवत. पाय पुढच्या दोन महिन्यांत चालता झाला, बोलणंही बरंच सुधारलं. हात मात्र मागे राहिला. खांद्यापासून तो थोडा हलायचा, पण बोटं ऐकत नव्हती.

बाबा आमच्या चार खोल्यांचे मालक, व्यवस्थापक, नळदुरुस्तीवाले आणि कारकून. यातलं कारकुनीचं काम सगळ्यात कटकटीचं. परदेशी पाहुणा राहायला आला की चोवीस तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते, त्याला सी-फॉर्म म्हणतात. नाव, पासपोर्टचा नंबर, व्हिसाचा नंबर, कुठून आला, कुठे जाणार, फोटो. प्रत्येक रकान्यात क्लिक करा, देशांच्या लांबलचक यादीतून देश शोधा, तारीख निवडा. हंगामात बाबा हे काम रोज करत. त्यांना त्याचा अभिमान होता. पासपोर्ट हातात घेऊन ते पाहुण्याचं पूर्ण नाव मोठ्याने वाचत आणि उच्चार बरोबर आला का ते विचारत.

ऑक्टोबर आला, पाहुणे यायला लागले. मी तोवर कॉलेजात जाऊ लागले होते. सकाळची बस पकडायची, चोपड्याचा पूल ओलांडून शिवोलीमार्गे म्हापसा, आणि घरी परत येईस्तोवर संध्याकाळ. फॉर्म मी रात्री भरायची. चोवीस तासांची मुदत, त्यामुळे ते निभत होतं. पण बाबा माझ्यामागे खुर्ची घेऊन बसायचे आणि नुसते बघायचे. कधी "तो देश खाली आसा" एवढंच म्हणायचे. एका रात्री मी पाणी प्यायला आत गेले आणि परत आले तर ते माझ्या खुर्चीत बसले होते. डाव्या हाताने माउस ओढून कीबोर्डच्या अलीकडे आणलेला. बाण नीट जागेवर नेत होते, पण दाबलं की मेनू उघडत होता. पुन्हा दाबलं, पुन्हा मेनू. त्यांनी माउस बाजूला सारला आणि म्हणाले, "माका जमना."

त्यांना जमत होतं. त्यांची तर्जनी बरोबर तेच करत होती जे ती चाळीस वर्षं दुसऱ्या हातावर करत आली होती. फक्त तिच्याखालचं बटण चुकीचं होतं. मी सेटिंग उघडलं, मुख्य बटण उजवं केलं आणि म्हटलं, "बाबा, आता दामून पळय."

पुढचे काही दिवस आम्ही दोघं रोज थोडंथोडं बदलत गेलो. ज्यांच्या घरी अशी वेळ आली असेल त्यांना उपयोगी पडेल म्हणून सविस्तर सांगते. बाणाचा वेग कमी केला, कारण नवा हात थरथरतो. डबल क्लिकचा वेग सगळ्यात मंद ठेवला. बाणाचा आकार मोठा केला. 'क्लिक लॉक' नावाची एक सोय असते, ती चालू केली की बटण दाबून धरून ओढावं लागत नाही. क्षणभर दाबून सोडलं की कॉम्प्युटर स्वतःच ते धरून ठेवतो. कीबोर्डवर शिफ्टची कळ लागोपाठ पाच वेळा दाबली की 'स्टिकी कीज' चालू करू का, असा प्रश्न येतो. ते चालू केलं की दोन कळा एकदम दाबाव्या लागत नाहीत, एकामागून एक दाबल्या तरी चालतात. ई-मेलमधलं 'ॲट'चं चिन्ह एका हाताने काढायला बाबांना याचा फार उपयोग झाला. यातल्या एकाही गोष्टीला पैसे पडत नाहीत. सगळं कॉम्प्युटरमध्ये आधीपासून असतं, कोणी उघडत नाही एवढंच.

नोव्हेंबरात बाबांनी पहिला फॉर्म एकट्याने भरला. पाऊण तास लागला. पाहुणा बिचारा व्हरांड्यात चहा पीत थांबला होता.

हे सगळं चांगलं चाललंय असं मला वाटत असताना आई एक दिवस म्हणाली, "सगळं डाव्या हाताला शिकवलंस, तर उजवा परत कशाला येईल?" मला राग आला. मला वाटलं, हीसुद्धा आजीसारखंच बोलायला लागली. पण फिजिओथेरपीसाठी गेलो तेव्हा तिथल्या मॅडमनी आईचीच बाजू घेतली, निदान अर्धी. त्यांनी समजावलं ते असं: अशा आजारानंतर हात हलवायचा प्रयत्न केला की सुरुवातीला फसतो, म्हणून माणूस दुसऱ्या हाताने काम उरकायला लागतो. हळूहळू मेंदू तो हात वापरायचंच विसरतो. हात जेवढा दुबळा असतो त्याहून जास्त तो न वापरलेला असतो. एडवर्ड टॉब या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने यावर एक उपचार शोधून काढला. त्यात चांगल्या हातावर जाड मोजा घालतात, जागेपणीचा बहुतेक वेळ तो तसाच ठेवतात आणि रोज तासन्तास दुबळ्या हाताकडून कामं करून घेतात. ज्यांच्या हातात थोडीतरी हालचाल शिल्लक असते त्यांना याचा फायदा होतो.

मी तिथे बसून आजीची चिंधी आठवत होते. डावा हात बांधायचा, म्हणजे उजवा शिकेल. कृती अगदी तीच. मग एकीचा मला अजून सल आहे आणि दुसरीला मी मान का हलवली? घरी येताना बसमध्ये मी याचा बराच विचार केला. मला वाटतं, फरक एवढाच की मोजा घालायचा की नाही हे त्या माणसाला विचारतात. किती दिवस, कशासाठी, हे सांगतात. माझ्या डाव्या हाताला कसलाच आजार नव्हता, आणि मला कोणी विचारलंही नव्हतं. बाबांना विचारायचं होतं.

त्यांना विचारलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले की उजव्या हाताला तो दाखवतील ते सगळे व्यायाम करीन, पण फॉर्म भरायचं काम सोडणार नाही. ते काम सोडलं तर मी नुसता रोगी. मॅडमनी यातून मधला मार्ग काढला: सराव उजव्याने, काम डाव्याने. दोन्ही रोज.

सरावासाठी पुन्हा माउसच कामाला आला. उजव्या हाताची बोटं बटण दाबू शकत नव्हती, पण खांदा आणि कोपर हलत होते. म्हणजे माउस सरकवणं शक्य होतं, क्लिक करणं अशक्य. मग क्लिक तेवढं माउसवरून काढून कीबोर्डला दिलं. विंडोजमध्ये 'माउस कीज' नावाची सोय आहे. ती चालू केली की कीबोर्डवरच्या आकड्यांच्या चौकोनातली ५ ची कळ क्लिक करते. बाबांचा उजवा पंजा माउसवर ठेवायचा, कीबोर्ड डावीकडे सरकवायचा, डावं बोट ५ वर. उजव्याने बाण न्यायचा, डाव्याने टिचकी मारायची. या पद्धतीने ते रोज सकाळी सॉलिटेअर खेळू लागले. हा पत्त्यांचा खेळ १९९० मध्ये विंडोज ३.० बरोबर आला, तो लोकांचा हात माउसवर बसावा म्हणूनच, असं म्हणतात. बाबांच्या बाबतीत ते शब्दशः खरं ठरलं. 'डाव' आणि 'डावा' यांच्यावर त्यांनी रोज एक विनोद केला, तो आम्ही रोज ऐकून घेतला.

आता हात कसा आहे? खोटं कशाला सांगू, पूर्ण आलेला नाही. पाण्याचा पेला धरतो, दार ढकलतो, माउसचं बटणही आता दाबतो, जरा उशिरा. शर्टाचं बटण लावता येत नाही, दोरीची गाठ सोडवता येत नाही. आणि काही गोष्टींना सेटिंगच नसतं. स्कूटरची ॲक्सिलरेटरची मूठ उजवीकडे असते, ती कुठल्या पानावर जाऊन बदलायची? बाबांची स्कूटर व्हरांड्यात झाकून ठेवलेली आहे. ते अधूनमधून तिच्यावरची धूळ पुसतात. त्याबद्दल आम्ही कोणी काही बोलत नाही.

त्यानंतरच्या चवथीला घरात सगळे नातेवाईक जमले होते. माटोळी बांधलेली, केळीची पानं मांडलेली, खतखतं वाढून झालेलं. बाबा आजवर चमच्याने वेगळे जेवत होते, पण त्या दिवशी त्यांना पंगतीतच बसायचं होतं. ते बसले आणि डाव्या हाताने भात कालवायला लागले. समोरच्या ओळीतल्या एका दूरच्या काकांनी मान वळवली आणि सणाच्या दिवशी, देवासमोर, असं काहीतरी पुटपुटले. वाईट हेतूने नसेल, सवयीने. वाढायला आजी होती. ऐंशीच्या पुढची, कमरेत वाकलेली. तिने बाबांच्या पानात वरण वाढलं आणि कोणाकडेही न बघता म्हणाली, "जेवता तो हात उजवो."

ज्या हाताने जेवतो तो उजवा. संपलं. पुढे मोदक आले. मी तिच्याकडे बघत राहिले. मला चिंधी बांधली तेव्हा तिला हे सुचलं नव्हतं, आणि त्याबद्दल ती मला कधी काही बोललीही नाही. पण त्या दिवशी माझ्या पानात वाढताना ती डावीकडून आली नाही की उजवीकडून नाही, समोरून आली, आणि मी कुठल्या हाताने जेवते हे तिने बघितलं नाही. कॉम्प्युटरमध्ये ज्याला 'प्रायमरी' म्हणतात, त्याचा याहून चांगला मराठी-कोंकणी अर्थ मला अजून सापडलेला नाही.

राहता राहिली आई. ती उजव्या हाताची. दुपारी पाहुण्यांचे ई-मेल तीच बघते. तिला त्रास नको म्हणून मी कॉम्प्युटरवर दोन वेगवेगळी खाती उघडून दिली. बटणांचं सेटिंग ज्याच्या-त्याच्या खात्यापुरतं असतं. बाबांच्या खात्यात उजवं बटण मुख्य, आईच्या खात्यात डावं. महिन्याभराने बघते तर आईचं खातं तसंच कोरं. ती बाबांच्याच खात्यात बसून डाव्या हाताने, उलट्या बटणांनी काम करत होती. मी विचारलं तर म्हणाली, "पासवर्ड याद कोण दवरतलो?" कारण एवढंच दिलं. पण मला ते पटलेलं नाही. किराणा दुकानाची तीन महिन्यांची उधारी जिच्या तोंडावर असते, तिला सहा अक्षरं लक्षात राहत नाहीत? मला वाटतं, रोज संध्याकाळी बाबा येऊन बसतील तेव्हा माउस त्यांना हवा तिथेच असावा, त्यांनी तो पुन्हा मागून घेऊ नये, म्हणून ती शिकली. त्या जर्मन बाई उठताना सगळं पूर्ववत करून गेल्या, मीही लॅबमध्ये तेच करत राहिले. आमच्या घरात मात्र आता काहीच पूर्ववत करावं लागत नाही.

शेवटी एक विनंती, कारण हा अंक आपल्या कॉलेजातच वाचला जाणार आहे. लॅबमध्ये आपण सगळे एकाच सामायिक खात्याने आत जातो. प्रत्येकाला आपापलं खातं मिळालं तर डावखुऱ्यांना दर तासाला बटणं फिरवून परत जागेवर ठेवावी लागणार नाहीत. ते होईल तेव्हा होईल. तोवर एखाद्या कॉम्प्युटरवर क्लिक केल्यावर भलताच मेनू उघडला, तर लगेच "माउस खराब" म्हणून हात वर करू नका. तुमच्या आधी तिथे कोणीतरी बसलं होतं, आणि त्याला उठायची घाई झाली असेल.